झाड क्रमांक चौदापासून एक किलोमीटर

आकाश कोणाच्याही बापाचं नसतं. त्याला ना कुंपण, ना उंबरठा. माणूस जन्माला येतो तो त्याच्याखाली आणि जातो तोही त्याच्याखालूनच. फक्त त्यात वॉकीटॉकीवरून बोलायचं असेल, तर नमुना सात तीन प्रतींत भरून द्यावा लागतो आणि तिन्ही प्रतींवरची सही एकाच शाईची असावी लागते.

ही गोष्ट काकांइतकी पक्की कोणाला ठाऊक नव्हती. बिनतारी परवान्यांच्या कचेरीत त्यांनी एकतीस वर्षं अर्ज तपासले. लग्न, सभा, सर्कस, धावण्याची शर्यत, म्हणजे जे काही दोन-चार दिवसांत उरकतं आणि ज्यात माणसांना लांबून एकमेकांवर ओरडावं लागतं, त्या सगळ्याला अल्पमुदतीचा परवाना लागतो. ती खिडकी काकांची. अर्जात चूक सापडली की ते लाल शाईने समासात ‘त्रुटी’ एवढंच लिहीत, आणि चूक न सापडलेला अर्ज त्या खिडकीने पाहिलाच नव्हता. साहजिकच कचेरीत त्यांचं नाव पडलं त्रुटीसाहेब. पगारपत्रक सोडलं तर त्यांचं खरं नाव कुठे उरलंच नव्हतं.

एवढं करून काका स्वतः वॉकीटॉकीवर एक अक्षर बोलले नव्हते. तिकीटखिडकीवरचा माणूस दिवसभर लांबलांबच्या गावांची तिकिटं देतो आणि संध्याकाळी चालत घरी जातो, त्यातला प्रकार. फ्रिक्वेन्सी द्यायची, तारीख घालायची, शिक्का मारायचा. पुढे त्या फ्रिक्वेन्सीवर कोण काय बोललं, ते काकांना कधी कळलं नाही. अपवाद एकच. एका शर्यतीत दोन स्वयंसेवकांनी दिवसभर आपापल्या सासूबद्दल बोलून अख्खी फ्रिक्वेन्सी अडवून धरली होती. तक्रार आली, आणि काकांनी स्वतःच्या हाताने नियम नऊ लिहिला: ‘सदर यंत्रणेवरून खासगी स्वरूपाचा मजकूर बोलू नये.’ पहिल्यांदा बोलायची वेळ आलीच तर काय बोलायचं, याचं एक भारदस्त वाक्य मात्र त्यांनी मनात घोळवून तयार ठेवलं होतं. ते अजून कोणाला सांगितलं नव्हतं.

काका निवृत्त झाले त्याच वर्षी त्यांच्या पुतणीने वॉकीटॉकी भाड्याने द्यायचं दुकान टाकलं. दुकान म्हणजे एक खोली, एक फळी, आणि फळीवर चार्ज होत उभे असलेले तीस सेट, हिरवे-तांबडे दिवे लावून.

“काका, अर्ज तुम्ही भरायचे,” ती म्हणाली.

“मी? अगं, मी आयुष्यभर अर्ज परत पाठवलेत.”

“म्हणूनच. तुम्हाला सगळ्या चुका पाठ आहेत. त्या सोडून बाकीचं लिहा.”

काकांनी लिहिलं. आणि पहिलंच मोठं काम आलं ते झाडाचं.

इस्पितळाच्या आवारात, नवी इमारत जिथे उठायची होती नेमकं तिथेच, एक प्रचंड झाड होतं. आवारातल्या झाडांना पत्र्याचे बिल्ले ठोकलेले. याचा क्रमांक चौदा. तोडायचं नाही असं ठरलं. मुळांसकट उचलून चार किलोमीटरवरच्या मोकळ्या मैदानात नेऊन लावायचं. त्यासाठी चाळीस चाकांचा ट्रेलर, दोन क्रेन, विजेच्या तारा वर उचलून धरणारी माणसं, आणि या सगळ्यांना एकमेकांशी बोलायला पुतणीचे बारा सेट. सेटशिवाय चालणारच नव्हतं, कारण ट्रेलरच्या आरशांत पानांखेरीज काहीच दिसत नव्हतं. ड्रायव्हरने गाडी चालवायची ती दुसऱ्यांच्या डोळ्यांनी.

ड्रायव्हरला सगळे भोंगा म्हणत. त्याचा आवाज असा की त्याच्यापुरता तरी सेट लागू नये.

ठरल्या दिवशी सकाळी सहाला काका आवारात हजर झाले. झाड आदल्या दिवशीच ट्रेलरवर चढवलेलं होतं. तारांखालून जावं म्हणून मागे रेलवलेलं, आरामखुर्चीत बसलेल्या आजोबांसारखं. बुंधा ड्रायव्हरच्या पाठीशी, मुळांचा घरभर मोठा गोळा ओल्या गोणपाटात बांधलेला, आणि शेंडा मागे रस्त्याला टेकायच्या बेतात. हाताशी एक फांदी आली होती. काकांनी सवयीने जेवणाच्या डब्याची पिशवी तिला अडकवली, कारण कागद वाचताना हात मोकळे लागतात, आणि परवाना काढला. प्रत्येक सेटबरोबर परवान्याची एक प्रत असायलाच हवी. हा नियम सहा. काकांनी बारा प्रती वाटल्या आणि तेरावी मोठ्याने वाचायला घेतली.

“रकाना तीन. कार्यक्रमाचं स्वरूप. झाड एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे. रकाना चार. ठिकाण. कायमस्वरूपी, न हलणारी खूण द्यावी...”

आणि काका थांबले.

रकाना चारमध्ये त्यांच्याच वळणदार अक्षरात लिहिलं होतं: ‘आवारातील झाड क्रमांक चौदा. सदर झाडाच्या बुंध्यापासून एक किलोमीटरच्या परिघात.’

आता ही चूक तुम्ही-आम्ही केली नसती. ती करायला एकतीस वर्षांचा अनुभव लागतो. कचेरीची शिस्त अशी की एकेक रकाना वेगळा तपासायचा. वरच्या रकान्याचा खालच्यावर परिणाम होऊ द्यायचा नाही. न हलणारी खूण कोणती? झाड. याच न हलण्यावरून काकांनी किती लोकांना माघारी धाडलं होतं! ‘फुगेवाल्याजवळ’ लिहिणाऱ्याला परत पाठवलं. एका सर्कसवाल्याने ‘आमच्या हत्तीपासून दोन किलोमीटर’ लिहिलं, तर समासात ‘त्रुटी’ आणि पुढे, आयुष्यात एकदाच, कारणसुद्धा: ‘हत्ती हलतो.’ कचेरीत ते वाक्य पुढे कित्येक वर्षं उदाहरण म्हणून शिकवलं जात होतं.

“काय झालं काका?” पुतणीने विचारलं.

“त्रुटी,” काका म्हणाले.

त्यांनी रकान्यावर बोट ठेवलं. तिने वाचलं, मैदानाच्या दिशेने पाहिलं, परत वाचलं.

“म्हणजे एक किलोमीटरनंतर आपण बेकायदेशीर?”

“नंतर बोललेला प्रत्येक शब्द.”

“दुरुस्ती?”

“सात कामाचे दिवस.”

“आणि पकडलं तर?”

“सेट जप्त. वर्षभर नवा अर्ज नाही.”

“वर्षभर म्हणजे दुकान बंदच की हो काका!” ती म्हणाली, आणि मग आवाज खाली आणून, “आणि न बोलता न्यायचं तर?”

यावर केबिनमधून भोंगा गरजला, “ताई, न बोलता मी हे मैदानात नेईन, पण वाटेतली घरंसुद्धा घेऊन!”

झाड थांबवायचाही प्रश्न नव्हता. बागवाल्यांनी बजावलं होतं, संध्याकाळपर्यंत मुळं मातीत गेली नाहीत तर मग नेलं काय आणि न नेलं काय. शिवाय ट्रेलर इस्पितळाचं फाटक अडवून उभा होता.

“एक किलोमीटरपर्यंत तरी आपण बावनकशी कायदेशीर आहोत,” काका म्हणाले. “तेवढं तर चला.” आणि ते ट्रेलरच्या पुढे चालू लागले; चूक ज्याची, तो पुढे असावा म्हणून.

झाड निघालं.

काकांनी मिरवणुका पाहिल्या होत्या, त्यांचे परवानेही दिले होते. पण असं काही त्यांनी पाहिलं नव्हतं. इंजिनाचा आवाज होता, तरी तो ऐकू येत नव्हता. पानांची सळसळ त्याच्यावरून चालली होती. वारा पडलेला, आणि झाड हलत होतं. गच्चीवर कपडे वाळत घालणारी बाई चिमटा तोंडात धरून तशीच उभी राहिली. केशकर्तनालयातून न्हावी बाहेर आला, त्याच्यामागे अर्धी दाढी झालेलं गिऱ्हाईक, गळ्यात टॉवेल. दोघांनीही तोंडातून शब्द काढला नाही, आणि न्हावी गप्प राहिला हे त्या गिऱ्हाइकाने नंतर चार लोकांना सांगितलं. झाडाच्या एका बेचक्यात घरटं होतं. त्यात पक्षीण बसलेली, जागची न उठता. घर चाललंय म्हटल्यावर बसून राहावं, इतका साधा हिशेब तिचा.

आणि सावली. झाडाची सावली बरोबर निघाली होती. त्या रस्त्यावर अशी घरं होती की ज्यांच्या भिंतींवर बांधल्यापासून कधी पानाची सावली पडली नव्हती. ती एकेका घरावर चढायची, खिडकीतून आत डोकवायची, मिनिटभर टेकायची आणि पुढच्या घरी जायची. घराघरांतली माणसं सावलीत येऊन उभी राहत होती आणि ती गेल्यावर उन्हात तशीच उभी राहत होती.

पुतणीने एक सेट काकांच्या हातात दिला होता. त्यातून आवाज येत होते. काकांनी हजारो फ्रिक्वेन्सी वाटल्या होत्या, पण बोलताना ऐकू आलेली ही पहिलीच.

“मागून. डावीकडे एक वीत जागा. ओव्हर.”

“तार वर घेतली. येऊ द्या. ओव्हर.”

“हळू. पक्षीण बसलीय. ओव्हर.”

“कळलं,” भोंगा म्हणाला, “तिला सांगा, मी आहे.” आणि तो हे चक्क कुजबुजत म्हणाला. भोंग्याचा कुजबुजता आवाज त्याच्या बायकोनेही ऐकला नसेल.

काका ऐकत चालले होते. आणि वळणापलीकडे, बरोबर एक किलोमीटरवर, रस्त्याच्या कडेला घडीची खुर्ची टाकून तपासनीस बाई बसल्या होत्या.

बाई काकांच्याच हाताखाली तयार झालेल्या. नऊ वर्षं काकांच्या शेजारच्या टेबलावर. काकांनी त्यांना शिकवलं होतं, की नियम मोडणाऱ्याच्या मागे धावायचं नाही. नियम जिथे संपतो तिथे जाऊन बसायचं, तो येतोच. त्या आल्या होत्या, बसल्या होत्या. मांडीवर परवान्याची कचेरीतली प्रत, पायाशी एक ऐकायचं यंत्र, आणि समोर रस्त्यावर खडूची रेघ.

काकांनी हात वर केला. ट्रेलर थांबला. झाडाने मात्र थोडा वेळ घेतला. शेंड्याकडची पानं अजून येतच होती.

“नमस्कार सर,” बाई उठून म्हणाल्या.

“नमस्कार. बऱ्या आहात ना?” एरवी काका त्यांना अगं-तुगं करत. पण आज त्या खुर्चीवरून उठल्या होत्या, आणि खुर्ची सरकारी होती.

“सर, या रेघेवर तुमचा परवाना संपतो.”

“मोजलंत कसं?”

“टेपने. इस्पितळाच्या आवारातल्या खड्ड्यापासून. पावलांनी मोजलं असतं तर तुम्हीच त्रुटी काढली असती.”

पुतणी पुढे आली. “बाई, सेट जप्त करायचेत ना? झाड उतरल्यावर करा. मी स्वतः खोक्यात भरून कचेरीत आणून देते, चार्जरसकट.”

“नियमात ‘उतरल्यावर’ असा शब्द नाही, ताई.” बाईंनी हे कठोरपणे म्हटलं नाही. त्यांच्या आवाजात थोडं दुखणंच होतं. पण कागद त्यांनी घट्ट धरला होता.

सेटमधून भोंगा कुजबुजला, “पुढे काय झालंय? मुळांचं पाणी गळतंय. ओव्हर.”

पुतणीची नजर काकांकडे. बारा सेट, फळीवरचे हिरवे-तांबडे दिवे, तिने स्वतः शिडीवर चढून लावलेली पाटी, सगळं त्या खडूच्या रेघेवर येऊन थांबलं होतं, ते काकांच्या चार ओळींमुळे. काकांनी खांद्यावरून मागे पाहिलं. झाड केबिनमागे रेललं होतं. बुंध्यावर पत्र्याचा छोटा बिल्ला चमकत होता. आणि काका, जे आतापर्यंत स्वतःच्या चुकीकडे चूक म्हणून बघत होते, ते तिच्याकडे एकदम मजकूर म्हणून बघू लागले.

“बाई, परवाना वाचा,” ते म्हणाले. “अर्थ लावू नका. नुसतं वाचा. मोठ्याने.”

हे वाक्य बाईंनी नऊ वर्षं रोज ऐकलेलं. त्यांनी वाचलं. “झाड क्रमांक चौदा. सदर झाडाच्या बुंध्यापासून एक किलोमीटरच्या...”

“खड्ड्यापासून म्हटलंय?”

“नाही.”

“बुंधा कुठे आहे?”

बाईंनी कागदावरून मान वर केली. काकांनी त्यांना सगळं शिकवलं होतं, एवढं एकच शिकवायचं राहिलं होतं. त्यांनी वर पाहिलं, आणखी वर पाहिलं, आणि मग चष्मा काढून पुसून पुन्हा पाहिलं.

“इथे,” त्या म्हणाल्या. “ट्रेलरवर.”

“मग एक किलोमीटर कुठे संपतो?”

बाई वळल्या. रस्ता लांबवर जात होता; दुकानं, खांब, आणखी एक वळण. त्या बराच वेळ तिकडे बघत राहिल्या, जणू त्या टोकाला दुसऱ्या कोणीतरी खुर्ची टाकली आहे.

“पुढे,” त्या हळूच म्हणाल्या. मग शिस्त आठवली. “पण सर, हत्तीचं काय?”

“हत्तीचा अर्ज मी नाकारला होता. झाडाचा मंजूर झालाय. खाली सही कोणाची आहे बघा.”

बाईंनी बघितलं. “माझी.”

“छान आहे. पूर्वी एवढी सुटसुटीत करत नव्हतात.”

“रकाने वेगवेगळे तपासले मी, सर.”

“मीही वेगवेगळे भरले.”

बाईंनी कागद पुन्हा एकदा वरून खाली वाचला.

“तरी,” बाई म्हणाल्या, “हे सदर झाडच आहे कशावरून? वाटेत बदललं असलं तर?”

आता मात्र भोंग्याने सेट बाजूला ठेवून केबिनमधून डोकं काढलं. “बाई, मी काय खिशात दुसरं घेऊन फिरतो?”

पण तपासणी ती तपासणी. बाई ट्रेलरच्या शिडीने चढल्या, मुळांच्या गोळ्याला वळसा घालून बुंध्याशी गेल्या आणि पानांत दिसेनाशा झाल्या. बिल्ला वाचायला लागतो त्यापेक्षा पुष्कळ वेळ त्या आत होत्या. उतरल्या तेव्हा केसांत एक पान होतं आणि तळहाताला सालीचा भुगा लागलेला. तो त्यांनी झटकला नाही.

“क्रमांक चौदा. जुळतो,” त्या म्हणाल्या. त्यांनी खडूची रेघ बुटाने पुसली, खुर्चीची घडी घातली आणि ती काखेत मारली. “परिघाचा मध्यबिंदू चालत असेल, तर तपासनिसाने त्याच्यासोबत चालावं.”

“हे कुठे लिहिलंय?” पुतणीने विचारलं.

“उद्या लिहीन.”

झाड पुन्हा निघालं. आता पुढे तिघं चालत होती: काका, पुतणी, आणि काखेत खुर्ची घेतलेल्या बाई. काकांना तो परीघ दिसायला लागला होता. चारी बाजूंना एक किलोमीटर, घरांतून, भिंतींतून, झोपलेल्या माणसांवरून, शाळेच्या वर्गांवरून एक भलंमोठं न दिसणारं वर्तुळ चाललं होतं, कुठे न अडकता, कोणाला धक्का न लावता. आणि त्याच्या मध्यावर एक पक्षीण बसली होती. एकतीस वर्षं काका असली वर्तुळं वाटत होते. ती एवढी मोठी असतात हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

“सर, रोज आपण हेच देत होतो?” बाईंनी विचारलं.

“तीन प्रतींत,” काका म्हणाले.

दुपारी सगळे आळीपाळीने खाऊन आले. काकांना भूक आठवलीच नाही. शेवटच्या वळणावर झाड अडलं तेव्हा सेटवर एकाच वेळी सात जण श्वास रोखून असल्याचं ऐकू आलं. मग मागचा म्हणाला, “एक वीत,” आणि भोंग्याने ती वीत अशी घेतली की घरट्यातली काडी हलली नाही. साडेपाचला मैदान आलं. दोन्ही क्रेनचे पट्टे ताणले गेले, मुळांचा गोळा खड्ड्यावर तरंगला, आणि झाड आरामखुर्चीतून उठावं तसं सावकाश उठू लागलं. मागे लोळणारा शेंडा वर गेला, मजल्यामागून मजला, वर, आणखी वर. माती आत पडली. पट्टे सैल झाले. झाड उभं राहिलं आणि तिथे कायमच होतं असं दिसू लागलं.

सहाला सात मिनिटं कमी होती. परवाना सहापर्यंत.

मैदानात शंभरएक माणसं जमली होती. सेटवाले आपापल्या कोपऱ्यांत मान वर करून उभे होते. बाई खुर्ची उघडून बसल्या होत्या, पण सरकारी कामासाठी नव्हे. पाय थकले होते म्हणून. ऐकायचं यंत्र त्यांच्या पायाशी चालू होतं.

“काका,” पुतणी हळूच म्हणाली, “परवाना संपायच्या आत तुम्ही बोला. अर्जातलं अक्षर तुमचंच आहे. सगळे ऐकतायत.”

काकांनी सेट तोंडाजवळ नेला. ते भारदस्त वाक्य ओठांवर होतं. आकाश, उंबरठा, राजा, रंक, सगळं जागच्या जागी होतं. त्यांनी शेवटचं एकदा वर पाहिलं, म्हणजे वाक्याला उंची यावी. आणि पाहतच राहिले.

मग त्यांनी घसा साफ केला आणि आयुष्यात पहिल्यांदा बटण दाबलं.

“सर्वांना. मजकूर खासगी आहे, नियम नऊबद्दल क्षमा असावी. शेंड्याकडची डावी फांदी, घरट्याच्या वर, साधारण तिसरा मजला. माझी डब्याची पिशवी राहिलीय. पक्षिणीला न उठवता कोणी काढून द्याल का? ओव्हर.”